हिंगणघाटात घाट कुठे आहे?

बालमित्रांनो, 'घाट' म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? पुण्या-साताऱ्याकडची मुलं म्हणतील, वळणावळणाचा रस्ता, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी आणि एसटीत खिडकीशी बसून लिंबू हुंगणारा धाकटा भाऊ! नाशिक-पंढरपूरची मुलं म्हणतील, छे, घाट म्हणजे नदीकाठच्या दगडी पायऱ्या. दोघंही बरोबर आहेत. पण आज मी तुम्हांला अशा गावी नेणार आहे, ज्याच्या नावातच घाट आहे आणि चढायला डोंगर मात्र नाही. ते गाव म्हणजे वर्धा जिल्ह्यातलं हिंगणघाट. आमचं मूळ गाव!

मागच्या वर्षी २६ जानेवारीला जोडून सुट्टी आली होती. मी आठवीतल्या माझ्या पुतण्याला घेऊन आईकडे निघालो होतो. नागपूरहून बल्लारशाकडे जाणाऱ्या लोहमार्गावर सेवाग्राम मागे पडलं, की दोन्ही बाजूंना सपाट काळी शेतं लागतात. कुठे कापसाच्या पऱ्हाट्या, कुठे तूर, कुठे हरभरा. एरवी हा मुलगा खिडकी सोडत नाही. त्या दिवशी गप्प होता.

"काय झालं रे?"

"काका, मी आता शाळेत हिंगणघाट सांगतच नाही. नागपूरजवळचा आहे म्हणतो."

"का बरं?"

थोडा वेळ तो बोलेना. मग कळलं. त्याच्या वडिलांची मुंबईला बदली झाली. नव्या शाळेत त्यानं पहिल्याच दिवशी गावाचं नाव सांगितलं आणि एक मुलगा ओरडला, "हिंगणघाट? म्हणजे हा घाटी!" सगळा वर्ग हसला. तेव्हापासून मधल्या सुट्टीत त्याचं नावच घाटी पडलं.

मुलांनो, खरं सांगतो, मला पटकन उत्तर सुचलं नाही. 'लक्ष देऊ नकोस' असं सांगणं सोपं असतं, पण ज्याला लागतं त्याला लागतंच. म्हटलं, "उद्या सकाळी आपण तो घाट तरी शोधू. ज्याच्यावरून तुला चिडवतात, तो आहे तरी कुठे?"

सकाळी आम्ही वणा नदीवर गेलो. हिंगणघाट हे वणेच्या काठचं गाव. वणेचं पाणी पुढे वर्धेला मिळतं, वर्धेचं प्राणहितेतून गोदावरीला. काठावर एक म्हातारे गृहस्थ म्हशी पाण्यावर घेऊन आले होते. पुतण्यानं विचारलं, "आबाजी, इथे घाट कुठे आहे?"

ते हसले. "कुठी म्हंजे? तू उभा हायेस ना बाबू, तोच घाट. नदीत उतराची जागा म्हंजे घाट. अजून काय पायजे तुले?"

पाहा, किती सोपं! नदीचा काठ सगळीकडे सारखा नसतो. कुठे दरड, कुठे चिखल, कुठे डोह. जिथून माणसाला, गुराला, गाडीला नीट खाली उतरता येतं, ती जागा म्हणजे घाट. पायऱ्या नंतर कुणी बांधतं, कुणी बांधत नाही. संस्कृतात याच अर्थाचा 'घट्ट' शब्द आहे. आणि हिंगण? हिंगण हे काटेरी झाड. त्याच्या फळाला हिंगणबेट म्हणतात. त्या फळाच्या गराला पाण्यात फेस येतो, म्हणून पूर्वी कपडे धुवायला तो वापरत. हिंगणाची झाडं असलेला घाट, तो हिंगणघाट.

मग हा नदीवरचा घाट डोंगरावर कसा गेला? विचार करा. सह्याद्री म्हणजे कोकण आणि देश यांच्यामधली उभी भिंत. पण या भिंतीत काही जागा अशा, जिथून बैलांचे तांडे मीठ, धान्य घेऊन चढू-उतरू शकत. बोरघाट, थळघाट, कुंभार्ली, आंबा घाट. नदीत उतरायची जागा घाट, तशी डोंगरातून उतरायची जागाही घाट. दोन्हीकडे अर्थ एकच, 'इथून पलीकडे जाता येतं'.

पुढची गंमत परदेशी लोकांनी केली. ते समुद्रातून आले आणि समोर डोंगर पाहिले. लोक म्हणत 'घाटातून वर जा', म्हणजे अमुक वाटेनं जा. पाहुण्यांनी ते नाव वाटेचं न समजता अख्ख्या डोंगराला चिकटवलं! सुमारे १६०० किलोमीटर लांबीच्या रांगेचं नाव इंग्रजी नकाशात 'वेस्टर्न घाट्स' झालं. भारतातून इंग्रजीत गेलेल्या शब्दांचा 'हॉब्सन-जॉब्सन' नावाचा जाडजूड कोश १८८६ साली निघाला. त्यातही डोंगराला घाट म्हणणं ही परक्यांची करणी असल्याचं नोंदवलं आहे. आता आपणही पुस्तकात 'पश्चिम घाट' वाचतो. युनेस्कोनं २०१२ साली त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, तेही त्याच नावानं.

नकाशावरून आठवलं. भारताचा नकाशा काटेकोर मोजमापानं करायचं काम ज्यानं सुरू केलं, तो विल्यम लॅम्ब्टन याच गावात चिरनिद्रा घेतो आहे. १८०२ साली त्यानं मद्रासपासून मोजणी सुरू केली. त्याचं थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, सुमारे अर्ध्या टनाचं होतं! मोजत मोजत तो उत्तरेकडे सरकत राहिला आणि नागपूरकडे जाताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला वारला. उरलेलं काम त्याचा सहायक जॉर्ज एव्हरेस्ट यानं पुढे नेलं. हो, जगातल्या सर्वांत उंच शिखराला ज्याचं नाव आहे तोच! डोंगर नसलेल्या आमच्या गावाचं सर्वांत उंच शिखराशी असं नातं आहे.

घरी आलो तर आईनं हरभऱ्याच्या डहाळ्यांची जुडी पुढे टाकली. "घ्या, घाटे सोला." हरभऱ्याच्या टपोऱ्या शेंगा म्हणजे घाटे. दुपारी बाजारात गेलो, तिथे एक व्यापारी हिंदीत सांगत होता, "इस साल घाटा है." म्हणजे नुकसान! पुतण्याला आता चटक लागली. त्यानं वहीच काढली. आमची यादी पाहा.

मराठीतच आधी. 'भांड्याचा घाट छान आहे' म्हणजे आकार. 'हा घाट कशाला घातलास?' म्हणजे खटाटोप. गुजरातीतही 'घाट' म्हणजे आकार, घडण. हिंदीत घाट नदीवरच राहिला, पण 'घाटी' मात्र दरी झाली. 'कश्मीर घाटी' म्हणजे काश्मीरचं खोरं. आपण घाट चढतो आणि हिंदी बोलणारे घाटीत उतरतात! बंगालीत घाट म्हणजे होडी, लाँच लागायचा धक्का. पण 'घाट हयेछे' म्हटलं तर अर्थ होतो, 'चुकलं माझं'. नेपाळीत घाट म्हटलं की नदीकाठची स्मशानभूमीही आठवते. काठमांडूला पशुपतिनाथाजवळ बागमतीवर आर्यघाट आहे. आमच्या गावावरून नागपूर-हैदराबाद महामार्ग जातो. त्यावरच्या तेलुगू ट्रकचालकांच्या भाषेत 'घट्टम्' म्हणजे गोष्टीतला प्रसंग, टप्पा. कन्नडमध्ये 'घट्ट' म्हणजे डोंगररांगही आणि टप्पाही.

आणि वेस्ट इंडीजकडच्या माँटसेराट बेटावर डोंगरातून समुद्राकडे धावणाऱ्या ओढ्याच्या घळीला जे नाव आहे, त्याचं स्पेलिंग जुने इंग्रज आपला 'घाट' लिहीत तसंच आहे. उच्चार मात्र 'गट'. तिथल्या एका घळीचं पाणी जो पिईल तो पुन्हा पुन्हा बेटावर परत येतो, असं लोक मानतात. आपल्याकडे बारा घाटचं पाणी प्यालेला माणूस म्हणजे बेरकी, त्यांच्याकडे एका घाटाचं प्यालं तरी पुरे!

पण सावधान! सारखा आवाज म्हणजे नातं नव्हे. हंगेरीच्या भाषेत 'गाट' म्हणजे बांध, धरण. आपल्या घाटावरून पाण्यात उतरतात, त्यांचा गाट पाणी अडवतो. दोघांचा काही संबंध नाही. दोन अनोळखी मुलांची नावं सारखी असावीत, तसं.

आमच्या गावाच्या अख्ख्या नावालाही एके काळी वेगळाच अर्थ होता. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या कापूसबाजारात 'हिंगणघाट' म्हणजे गाव नव्हे, तर एका उत्तम भारतीय कापसाचं नाव होतं!

रात्री अंगणात बसल्यावर पुतण्यानं मूळ प्रश्न काढलाच. "मग घाटी म्हणजे काय?"

मी सांगितलं, "कोकणातले लोक देशावर जाताना 'घाटावर जातो' म्हणत. म्हणून घाटावरून आलेला तो घाटी. पुढे मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत घाटावरची माणसं पोटासाठी आली, ओझी वाहू लागली. काहींनी त्यांना हलकं लेखलं आणि सरळ शब्दाची शिवी केली. तोच शब्द छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे जुन्या औरंगाबादेत, सगळे सरकारी रुग्णालयासाठी वापरतात. 'घाटीत न्या, बरा होईल,' असं आशेनं म्हणतात. शब्द तोच. बोलणारा त्यात काय घालतो ते पाहायचं."

"पण मी तर घाटावरचाही नाही! आमचा घाट नदीचा."

"आणि असतास तरी काय बिघडलं असतं?"

तो विचारात पडला. आई आतून म्हणाली, "चाला, झोपा आता. पोट्टं थकलं."

मुंबईला गेल्यावर पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला. त्या मुलानं चिडवणं लगेच थांबवलं असं नाही. अजून एखाद-दोनदा म्हणालाच. पण मराठीच्या तासाला बाईंनी 'माझे गाव' हा निबंध दिला, तेव्हा यानं वहीतली यादी फळ्यावर लिहिली. शेवटच्या बाकावरची एक बंगाली मुलगी म्हणाली, आमच्याकडे अजूनही एक घाट आहे, आणि बाईंनी तिलाही खडू दिला. आता तो गावाचं नाव पूर्ण सांगतो, हिंगणघाट.

मित्रांनो, तुमच्या गावाच्या नावात काय दडलंय? वाडी, पूर, खेड, बेट, घाट? आजीला विचारा, शेजारच्या दुसऱ्या भाषेच्या काकूंना विचारा, वहीत लिहा. आणि हो, एखाद्याला गावावरून हाक मारण्याआधी त्या गावाचा अर्थ जरूर विचारा!