स्वतःच्या नावाने

नामांकित संगीतसमूह सोडून बाहेर पडलेल्या गायकाचा पहिला अल्बम ऐकताना आपले कान प्रथम कशाचा शोध घेतात, याचा विचार आपण कधी केला आहे काय? माझा अनुभव असा, की आधी उणीवच ऐकू येते. जुना गिटारवादक नाही, सवयीचा ठेका नाही, वेष्टनावर ते ओळखीचे नाव नाही. गाणे त्यानंतर ऐकू येते. आणि तेही या उणिवेला पुरून उरणारे असेल तरच.

रॉनी जेम्स डिओ या अमेरिकन गायकाचा 'होली डायव्हर' हा अल्बम २५ मे १९८३ रोजी प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याच्यापुढे हीच कसोटी होती. त्याने चाळिशी गाठली होती. तरुणांच्या बंडखोरीवर पोसलेल्या हार्ड रॉक संगीतात हे वय लहान नव्हे. त्याची पहिली ध्वनिमुद्रिका १९५८ सालची. म्हणजे पाव शतकाची कमाई गाठीशी होती. १९७५ साली गिटारवादक रिची ब्लॅकमोर याच्यासह त्याने 'रेनबो' या समूहाचा आरंभ केला आणि संगीताच्या दिशेविषयी मतभेद झाल्यावर १९७९ मध्ये तो सोडला. त्याच वर्षी ऑझी ऑझबर्नच्या रिकाम्या जागी 'ब्लॅक सॅबथ'ने त्याला घेतले. ती जागा सुखाची नव्हती. श्रोत्यांच्या मनात आधीचा आवाज घर करून होता. तरीही १९८० च्या 'हेवन अँड हेल' या अल्बमने त्या थकलेल्या समूहाला नवी उभारी दिली, असे मी मानतो. पुढे 'लाइव्ह इव्हिल' या प्रत्यक्ष मैफिलीच्या अल्बमचे ध्वनिमिश्रण चालू असताना बेबनाव झाला. गायकाचा आवाज आणि ड्रम गुपचूप वाढवले गेले असा आरोप झाला. डिओने तो नाकारला. आणि १९८२ साली ड्रमवादक विनी अपीस याच्यासह तो बाहेर पडला. गाण्याचा संसार मोडायला आवाजाची पातळी किती असावी एवढे कारण पुरते! आपल्याकडच्या संगीत नाटक मंडळ्यांचा इतिहास ज्यांनी वाचला आहे, त्यांना याचे फारसे नवल वाटणार नाही.

डिओने नव्या समूहाची बांधणी कशी केली, हे पाहण्यासारखे आहे. अपीस 'ब्लॅक सॅबथ'मधून सोबत आला होता. बासवादक जिमी बेन हा 'रेनबो'च्या दिवसांतला सोबती. सोडलेल्या दोन्ही घरांतून एकेक माणूस आला. गिटारसाठी मात्र त्याने बेलफास्टचा व्हिव्हियन कॅम्पबेल हा विशीतला, फारसे कोणाला ठाऊक नसलेला तरुण निवडला. ब्लॅकमोर आणि टोनी आयोमी यांच्या शेजारी उभे राहून गायलेल्या माणसाने तिसरा दिग्गज शोधला नाही, यात मला त्याची पारख दिसते. कॅम्पबेलकडे कीर्ती नव्हती, पण घाई होती, भूक होती; आणि ती त्याच्या वादनात जागोजागी ऐकू येते. निर्मात्याची जबाबदारीही डिओने स्वतःकडे घेतली. आवाजाच्या पातळीचा निर्णय आता त्याच्याच हाती होता. त्याचा लाभ त्याने गिटारला मोकळी जागा देण्यासाठी करून घेतला, हे मला विशेष वाटते.

हा अल्बम मी प्रथम ऐकला तो प्रकाशनानंतर बऱ्याच वर्षांनी, एका मित्राने भरून दिलेल्या कॅसेटवर. निळ्या शाईत 'डिओ' एवढीच दोन अक्षरे लिहिलेली होती. ही व्यक्ती की समूह, हे कॅसेट सांगत नव्हती. वस्तुतः ते दोन्हींचेही नाव होते. सतरा वर्षांची नोकरी मी तेव्हा नुकतीच सोडली होती. संस्थेचे नाव येथे महत्त्वाचे नाही. दूरध्वनीवर ओळख सांगताना स्वतःच्या नावापुढे काय जोडावे हे मला सुचत नसे. पलीकडचा माणूस थांबून राही आणि मीही थांबून राही. आपल्यापैकी अनेकांनी नोकरी आणि घर सांभाळत पुन्हा पुस्तक हाती धरले आहे. प्रवेश-अर्जावरील 'व्यवसाय' या रकान्यापाशी क्षणभर थबकलेली लेखणी आपल्यालाही आठवत असेल.

म्हणूनच बहुधा त्या आवाजातील निश्चय मला आधी जाणवला, शब्द मागाहून समजले. डिओने गायनाचे रीतसर शिक्षण घेतले नव्हते. लहानपणी तो ट्रम्पेट वाजवीत असे आणि श्वासावरचा ताबा आपल्याला त्या वाद्याने दिला, असे तो सांगे. त्याचा दीर्घ स्वर शेवटी पातळ होत नाही, त्याचे कारण येथे सापडते. उंचीने ठेंगणा असलेला हा माणूस मंचावर तर्जनी आणि करंगळी उभारून जी खूण करी, ती आज जगभरच्या रॉक मैफिलींत दिसते. ती त्याने आपल्या इटालियन वंशाच्या आजीकडून उचलली होती. दृष्ट लागू नये म्हणून ती म्हातारी तसे करी. मीठमोहऱ्या ओवाळणाऱ्या आपल्या आज्यांना ही खूण समजावून सांगावी लागली नसती.

या अल्बममधील सर्वांत गाजलेल्या गाण्यांपैकी एक असलेले 'रेनबो इन द डार्क' डिओला स्वतःला मुळीच रुचले नव्हते. कीबोर्डवरची ती गोड सुरावट त्याला फार हलकी वाटली आणि वस्तऱ्याने टेप कापून टाकायला तो निघाला होता. साथीदारांनी त्याला थोपवले. स्वतःचे नाव दारावर लावल्यानंतरही चार जणांचे ऐकावे लागते, आणि ऐकल्याने काही वाचते, असे हे प्रकरण.

तथापि मालकाची खुर्ची माणसाला वेगळ्या प्रश्नांपुढे बसवते. १९८६ साली कॅम्पबेल या समूहापासून दुरावला. मोबदल्याविषयीची त्याची नाराजी त्याने पुढे उघडपणे बोलून दाखवली. ज्याने दोन घरे सोडली, त्याच्या घरातून आता दुसरा कोणी बाहेर पडत होता. मी डिओचा चाहता आहे. पण या प्रसंगात त्याची बाजू घ्यावी असे मला वाटत नाही.

जुन्या सोबत्यांकडे तो पुन्हा गेला. १९९२ चा 'डीह्युमनायझर' हा 'ब्लॅक सॅबथ'चा अल्बम त्याच्याच आवाजातला. २००६ साली आयोमी, गीझर बटलर, अपीस आणि डिओ हे चौघे परत एकत्र आले, तेव्हा मात्र 'ब्लॅक सॅबथ' हे नाव त्यांनी घेतले नाही. डिओच्या आवाजातल्या पहिल्या 'ब्लॅक सॅबथ' अल्बमच्या नावावरून 'हेवन अँड हेल' म्हणवून घेतले. त्यांचा 'द डेव्हिल यू नो' २००९ मध्ये आला. डिओ तेव्हा सहासष्ट वर्षांचा होता. १६ मे २०१० रोजी पोटाच्या कर्करोगाने त्याचे निधन झाले.

'होली डायव्हर'मध्ये एकूण नऊ गाणी आहेत. स्वाध्याय आणि घरकाम यांतून तेवढा वेळ निघत नसेल, तर 'डोन्ट टॉक टू स्ट्रेंजर्स' एवढे एकच ऐकावे. आरंभी आवाज अगदी मंद, कानाशी बोलल्यासारखा येतो. नंतर गिटार आणि ड्रम एकदम कोसळतात. त्या क्षणी गायक काय करतो, तिकडे लक्ष द्यावे.