डबीत मावणारी कोल्हापुरी

या वीकांताचा विषय जरा बारीक आहे. अगदी मोजूनच सांगायचं तर सव्वा इंच लांब आणि पाऊण इंचाला थोडी कमी रुंद. कोल्हापुरी चप्पल, फक्त डाव्या पायाची. अशा चाळीसेक चपला मी आतापर्यंत केल्यात आणि त्यातली एकही विकलेली नाही. मी त्या डब्यांमध्ये ठेवतो आणि निघून येतो.

जिओकॅशिंग ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जीपीएसच्या सिग्नलमध्ये अमेरिका सामान्य लोकांसाठी मुद्दाम चूक मिसळत असे. तुमचं यंत्र तुम्हाला शंभर मीटर इकडे नाहीतर तिकडे दाखवायचं. मे २००० च्या सुरुवातीला ती चूक काढून टाकली आणि अंदाज एका रात्रीत दहा-वीस मीटरवर आला. लगेच ३ मे रोजी डेव्ह अल्मर नावाच्या संगणकवाल्याने ओरेगॉनमधल्या बीव्हरक्रीकजवळच्या रानात एक काळी प्लास्टिकची बादली लपवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकून दिले. आत वही, पेन्सिल, काही पुस्तकं, एक गलोल आणि चक्क घेवड्याचा बंद डबा! नियम साधा होता. सापडली तर काहीतरी घ्या, काहीतरी ठेवा, वहीत लिहा.

आज जगभर असे लाखो डबे लपवलेले आहेत. नियमही वाढले. पुरायचा नाही, खाण्याचं काही ठेवायचं नाही (जनावरं डबा फोडतात), दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर हवं, जागामालकाची परवानगी हवी. पण मूळ गंमत तीच, 'घ्या आणि ठेवा'.

आता यातली मेख. मी ऑनसाइटला असताना पहिल्यांदा हा नाद लागला, तेव्हा बरेच डबे उघडून बघितले. नवा डबा असतो तेव्हा आत झकास वस्तू असतात. वर्षभराने त्याच डब्यात तुटकी खेळणी, गंजलेलं नाणं, सुकलेलं पेन आणि कुणाचं तरी जुनं कूपन. प्रत्येक जण घेतल्यापेक्षा किंचित हलकं काहीतरी ठेवतो. कुणी चोरी करत नाही, तरी डबा भिकेला लागतो. आपल्या सोसायटीच्या वाचनालयाच्या कपाटात काय उरतं ते आठवा, तोच प्रकार :-)

यावर खेळणार्‍यांनीच एक उपाय काढला, स्वतःची खूण असलेली वस्तू. इंग्रजीत तिला 'सिग्नेचर आयटम' म्हणतात. कुणी लाकडी नाणी छापतो, कुणी मातीचे बिल्ले भाजतो, कुणी मण्यांच्या पाली ओवतो. जॉन स्टॅन्ली या खेळाडूने २००१ मध्ये अशीच स्वतःची धातूची नाणी पाडून घेतली आणि त्यातून पुढे 'जिओकॉइन' हा प्रकारच जन्माला आला. अशा वस्तूंची बाजारातली किंमत शून्य. पण ज्यावर कुणाचा तरी रविवार खर्च झालाय, ती वस्तू घेताना बदल्यात सुकलेलं पेन ठेवायला हात धजत नाही. एवढंच त्यामागचं अर्थशास्त्र.

मग माझी वस्तू कोणती? मी मूळचा पेठ वडगावचा. कोल्हापूरहून पंचवीसेक किलोमीटर, हातकणंगले तालुका. सेनापती धनाजी जाधवांची समाधी आमच्या गावात आहे. मोगलांच्या घोड्यांना पाण्यात संताजी-धनाजी दिसायचे म्हणतात. सही न करता ओळख ठेवण्याचा याहून मोठा नमुना मला माहीत नाही. पण डबीत घोडा मावत नाही. गूळ मावतो, तर खाण्याला बंदी. राहता राहिली चप्पल.

गावातले एक चपला करणारे मामा (नात्याने नाही, गावाने) यांच्याकडे गेलो आणि कातड्याच्या चिंध्या मागितल्या. किती मोठी करायची ते बोटावर दाखवलं. ते म्हणाले, "एवढुशा पायाचं माणूस कुठं गावलं रं तुला?"

खेळ समजावून सांगितला. कितपत कळला देव जाणे, पण त्यांनी मला चार रविवार शिकवलं. खरी कोल्हापुरी बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या कातड्याची. तिला खिळा नसतो, शिवण कातड्याच्याच वादीची. रापीने कापायचं, आरीने भोक पाडायचं. मोठ्या चपलेत तळ, कान, पट्टा, अंगठा, वर वेणी असं सगळं असतं. माझ्या आकारात कान गाळावे लागले, वादीच्या जागी मेण लावलेला दोरा आला. वेणी मात्र सोडायची नाही असा मामांचा दंडक. तीन पदरी, प्रत्येक पदर शेवयांपेक्षा जरासा जाड. माझ्या पहिल्या वेणीला अडीच तास लागले, हल्ली चाळीस मिनिटं पुरतात.

मापाचं कारणही सांगतो. परदेशात मोठाले डबे रानात ठेवतात. आपल्याकडे स्टेशनवर दिवसभर 'बेवारस वस्तूला हात लावू नका' ऐकत वाढलेली माणसं आपण. झाडाच्या ढोलीत डबा दिसला तर आधी पोलीस येतील. त्यामुळे इकडे लहान डब्या बर्‍या. जुन्या कॅमेर्‍याच्या रोलची काळी डबी आठवते? तीत मावेल तेवढीच माझी चप्पल. कातड्याला दमट हवेत बुरशी धरते, म्हणून बुटांच्या खोक्यातली ती 'खाऊ नये' लिहिलेली पुडी मी जपून ठेवतो आणि चपलेसोबत छोट्या पिशवीत घालतो.

खरा प्रश्न सहीचा निघाला. तळाला मी माझं खेळातलं टोपणनाव आणि क्रमांक डागायचं ठरवलं होतं. नमुना दाखवला तर मामा हसले. "नाव पायाखाली घालतोस व्हय?"

"मग तुम्ही तुमचं नाव कुठं घालता?"

"कशाला घालायचं? वेणी बघितली की कळतंय कुणाच्या हातची हाय."

हे वाक्य माझ्या डोक्यात बरेच दिवस राहिलं. त्यात जून २०२५ मध्ये प्राडाने मिलानच्या शोमध्ये हुबेहूब कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, त्याही कोल्हापूरचं नाव न घेता. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्येच भौगोलिक मानांकन मिळालंय, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. ओरड झाल्यावर कंपनीने भारतीय कारागिरीचा वारसा मान्य केला. पण बघा, ओळखायला कुणाला लेबल लागलं नाही. फोटो बघताच इथल्या लोकांनी ओळखलं. मामांचं म्हणणं बरोबर होतं.

फक्त ते वडगावात बरोबर आहे. इथे वेणी वाचता येणारे लोक आहेत. फिनलंडमध्ये एखाद्या पुलाखालच्या डबीत माझी चप्पल सापडली, तर तिथल्या माणसाला ती वेणी वाचता येणार नाही. तो तळाची सही वाचेल आणि सगळं श्रेय मला देईल. हाताची ओळख जिथे संपते तिथे नाव लागतंच, आणि नाव लिहिणारा नेमका मी होतो. ज्याने शिकवलं, ज्याच्या चिंध्या, तो कुठेच नव्हता. मामांना विचारलं, तुमचं नाव डागू का? नको म्हणाले. "मी कुठं एकट्यानं काढलीया ही चप्पल?"

मग तोडगा खेळातच सापडला. शेवटी हा आकड्यांवरून जागा शोधायचा खेळ आहे. आता तळाला माझं नाव नसतं. तिथे असतं १६° ५०' उत्तर, ७४° १९' पूर्व. क्रमांक आणि टोपणनाव पिशवीतल्या कागदावर जातं, ते हरवलं तरी चालेल.

या खेळातल्या माणसाला अक्षांश-रेखांश दिसले की तो नकाशा उघडल्याशिवाय राहूच शकत नाही. उघडला की पेठ वडगाव दिसेल. पुढचं त्याच्यावर.

पुढच्या वीकांताला दहा करायच्यात. उजव्या पायाच्या कधी करणार असं बायको विचारते. म्हटलं, ज्याला डावी सापडेल त्याने उजवीसाठी वडगावला यावं.