म्हातारपणाची काठी

आपल्याकडे घरात मुलगा जन्मला की शेजारीपाजारी आईला म्हणतात, ‘म्हातारपणाची काठी आली हो!’ शब्द कौतुकाचा आहे, आशीर्वादाचाही आहे. परंतु त्यावर क्षणभर विचार केला, तर मनात एक शंका आल्यावाचून राहत नाही. काठीला स्वतःची वाट नसते. धरणारा नेईल तिकडे ती जाते आणि तो खाली बसला की कोपऱ्यात उभी राहते. ज्या लेकराला परमेश्वराने आपल्या प्रतिरूपात घडविले, त्याला पाळण्यात असतानाच आपण काठी म्हणून मोकळे होतो, हे कितपत योग्य आहे?

बुलढाणा जिल्ह्यात, घाटावर काय आणि घाटाखाली काय, आपली कॅथलिक कुटुंबे थोडी आणि विखुरलेली आहेत. अमरावती धर्मप्रांताच्या या टोकाला धर्मगुरूचा बराचसा वेळ रस्त्यावर आणि लोकांच्या ओसरीवर जातो. घरभेटीला गेलो की पहिल्या चहाबरोबर पिकाची, पावसाची आणि कर्जाची गोष्ट निघते. दुसऱ्या चहाच्या वेळी मात्र आवाज खाली येतो आणि मग मुलांचा विषय निघतो. गेल्या काही वर्षांत अशी जी घरे आम्ही पाहिली, त्यांपैकी तिघांविषयी येथे लिहावेसे वाटते. नावेगावे सांगणार नाही. पापनिवेदनात ऐकलेले तर धर्मगुरूच्या ओठांवर कधीच येत नाही. हे सारे चार माणसांदेखत, ओसरीवर बोललेले आहे.

पहिले घर एका विधवा मातेचे. पाच एकर कोरडवाहू जमीन आणि एकुलता एक मुलगा. मुलगा पितो. सोयाबीन विकले की पैसा आठवड्यात संपतो. मग माउली दुकानदाराची उधारी फेडते, हातउसने घेतलेल्यांच्या पाया पडते, मुलगा कामावर गेला नाही की ‘त्याला ताप आहे’ असा निरोप धाडते. दोन एकर यातच गेले. ‘फादर, मी नाही सांभाळलं तर त्याचं कोण?’ हा तिचा प्रश्न आणि हेच तिचे उत्तर.

दुसरे घर एका निवृत्त शिक्षकाचे. पत्नी वारल्यानंतर धाकटी लेक त्यांच्याजवळ राहिली. आज ती चाळिशीला टेकली आहे. तिला आलेल्या प्रत्येक स्थळात वडिलांना खोट दिसली. स्थळ निघाले की त्यांच्या छातीत दुखू लागे आणि स्थळ परत गेले की दुखणे थांबे. ढोंग मुळीच नव्हते, दुखणे खरोखरच होते. ‘तिलाच लग्न करायचं नाही,’ असे ते सांगतात, तेव्हा लेक खाली पाहून ताटे वाढते.

तिसऱ्या घरचा मुलगा पुण्याला नोकरीला आहे. रात्री त्याचा फोन आल्याशिवाय आई जेवत नाही. हे ऐकणाऱ्याला मायेचे लक्षण वाटते. मुलाला मात्र रोज रात्री आपल्या आईच्या उपवासाचे ओझे उचलावे लागते. तो आजारी पडला तर सांगत नाही, नोकरीत अडचण आली तर सांगत नाही. आईला त्रास नको म्हणून तो खोटे बोलायला शिकला आहे. रोज बोलणारी ही दोन माणसे एकमेकांना दिवसेंदिवस अनोळखी होत चालली आहेत.

तिन्ही घरांत प्रेमाची वाण नाही, हे प्रथम मान्य करावे लागेल. मग चुकते कोठे? मानसशास्त्राने या अवस्थेला सहअवलंबित्व असे नाव दिले आहे. सोप्या भाषेत सांगायचे तर दोघांनी एकमेकांच्या दुबळेपणावर टेकून उभे राहणे. या विचाराचे मूळ व्यसनमुक्तीच्या कार्यात आहे. 1935 साली अमेरिकेत ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ ही दारू सोडू पाहणाऱ्यांची चळवळ सुरू झाली. 1951 साली त्यांच्या घरच्यांसाठी ‘अल-ॲनॉन’ निघाली, कारण पिणाऱ्याइतकेच त्याच्याभोवतीचे माणूसही त्या दारूत बुडते, हे ध्यानात आले होते. ते स्वतः पीत नाही, पण पिणाऱ्याची लाज झाकण्यात आणि चुका निस्तरण्यात त्याचे सारे आयुष्य खर्ची पडते. आपल्या महाराष्ट्रातही डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 साली पुण्यात ‘मुक्तांगण’ उभे केले. तेथे रुग्णाबरोबर त्याच्या घरच्यांशीही बोलले जाते. वैद्यकाच्या ग्रंथांत सहअवलंबित्व हा स्वतंत्र आजार मानलेला नाही. ती नात्याला जडलेली एक सवय आहे, आणि सवय सुटू शकते.

ती ओळखावी कशी? आम्ही आईबापांना तीन प्रश्न विचारतो. मूल आनंदात असेल तरच तुम्ही आनंदात असता काय? जे काम ते स्वतः करू शकते, ते तुम्ही त्याच्यासाठी करता काय? आणि उद्या त्याला तुमची गरज उरली नाही, तर तुम्हाला समाधान वाटेल की भीती? तिसऱ्या प्रश्नाशी बहुतेक जण थबकतात. जेथे भीती वाटते, तेथे आपण मुलाची गरज भागवीत नसून आपलीच गरज भागवीत असतो. मोठ्या झालेल्या मुलांना आम्ही एकच प्रश्न विचारतो. आईवडिलांना तुम्ही खरे सांगू शकता काय? नसेल, तर तो मान नव्हे, तो धाक आहे.

पवित्र शास्त्र या बाबतीत फार स्पष्ट आहे. रिबेकेचे याकोबावर इतके प्रेम, की त्याला आशीर्वाद मिळावा म्हणून तिने आंधळ्या इसहाकाला फसविण्याचा बेत रचला; शाप लागलाच तर तो आपल्याला लागो, असेही ती म्हणाली. मुलाच्या कृत्याचे फळ आपण भोगू, असे म्हणणारी ती पहिली माता नव्हे आणि शेवटचीही नव्हे. परिणाम काय झाला? एसावाच्या रागामुळे याकोबाला घर सोडून हारानला पळावे लागले. त्यानंतर रिबेकेने आपला लाडका पुत्र पुन्हा पाहिल्याचे शास्त्र कोठेही सांगत नाही. याउलट बारा वर्षांच्या येशूला मरिया आणि योसेफ तीन दिवस शोधत होते. मंदिरात तो सापडला, तेव्हा त्याने दिलेले उत्तर त्यांना उमगले नाही, असे संत लूक प्रामाणिकपणे नोंदवितो. न उमगलेले ते उत्तर मरियेने अंतःकरणात जपून ठेवले. आणि येशू त्यांच्याबरोबर नाझरेथला जाऊन त्यांच्या आज्ञेत राहिला. पुत्राला स्वतःची हाक आहे आणि पुत्र आज्ञाधारकही आहे, या दोन्ही गोष्टी एकाच घरात सुखाने नांदल्या.

या विषयावर मातांना सर्वांत जवळची वाटावी अशी संत म्हणजे मोनिका. आपण तिचे अश्रूच तेवढे आठवतो. तिचे अडकलेपण संत ऑगस्टीनने स्वतः लिहून ठेवले आहे. इतर मातांप्रमाणेच, किंबहुना त्यांच्याहून कितीतरी अधिक, तिला मुलगा जवळ हवा असे, असे तो म्हणतो. तो मानी पंथात गेला तेव्हा तिने प्रथम त्याला आपल्या पंक्तीला घेण्याचे नाकारले. पुढे एका महागुरूंकडे जाऊन, त्यांनी ऑगस्टीनशी वाद घालून त्याची समजूत काढावी म्हणून ती रडून आर्जव करू लागली. त्यांनी सल्ला दिला तो असा, की त्याला आहे तेथे राहू दे, त्याच्यासाठी केवळ प्रार्थना कर. तिला तो सल्ला पचला नाही. 383 साली ऑगस्टीन रोमला निघाला, तेव्हा तिने किनाऱ्यावर त्याला घट्ट धरून ठेवले. अखेर त्याने खोटे सांगून तिला जवळच्या संत सिप्रियनच्या स्मारकात रात्र काढायला लावली आणि रात्रीच जहाजाने पसार झाला. एवढा विद्वान पुत्र, तोही आईशी खोटे बोलूनच सुटला! पुण्याच्या त्या मुलाची आम्हाला येथे आठवण होते.

मोनिका त्याच्या मागोमाग मिलानला गेली. तेथे मात्र तिच्यात हळूहळू पालट होत गेला. संत अँब्रोजच्या धर्मप्रांतात हुतात्म्यांच्या कबरींवर अन्न नेण्यास मनाई आहे, हे कळताच तिने आपली जुनी प्रथा मुकाट्याने सोडली. 387 सालच्या पास्काला अँब्रोजच्या हातून ऑगस्टीनचा बाप्तिस्मा झाला. त्याच वर्षी ऑस्तिया बंदरात, आफ्रिकेच्या वाटेवर असताना, मोनिका आजारी पडली. मायदेशी पतीशेजारी आपल्याला पुरावे, ही तिची आयुष्यभराची इच्छा होती. कबरीची जागाही तिने ठरवून ठेवली होती. त्या शेवटच्या आजारात तिने मुलांना सांगितले, की देह कोठेही ठेवा, त्याची काळजी करू नका. प्रभूच्या वेदीजवळ माझी आठवण ठेवा म्हणजे झाले. वयाच्या 56व्या वर्षी ती गेली. मुलाला किनाऱ्यावर धरून ठेवणाऱ्या त्या हातांनी अखेरीस स्वतःची कबरसुद्धा सोडून दिली होती. तिला संत म्हणताना हे सोडणेही आपण ध्यानात घ्यावे.

दूर आफ्रिकेची कथा परकी वाटत असेल, तर आपल्या जिल्ह्यातील सिंदखेडराजाकडे पाहावे. दरवर्षी 12 जानेवारीला तेथे जिजाऊंच्या जन्मस्थानी जनसागर लोटतो. या मातेने काय काय गमावले होते! 1629 साली वडील लखुजी जाधवराव निजामशाहीच्या दरबारात मारले गेले. थोरला पुत्र संभाजी कनकगिरीच्या लढाईत पडला. असे असता 1666 साली उरलेला पुत्र शिवाजी आग्र्याला, शत्रूच्या राजधानीत निघाला. सोबत नऊ वर्षांचा नातू. पदर पसरून अडविण्याचा अधिकार कोणाला असेल, तर तो जिजाऊंना होता. त्यांनी अडविले नाही. महाराजांच्या माघारी त्यांनी राज्यकारभारावर देखरेख ठेवली. त्या महिन्यांत त्यांना झोप लागली असेल असे नव्हे. परंतु त्यांच्यापाशी स्वतःचे काम होते, स्वतःचे कर्तव्य होते. पुढे रायगडावर पुत्राची गादी आणि पायथ्याच्या पाचाडला मातेचा वाडा, अशी व्यवस्था होती. 6 जून 1674 रोजी राज्याभिषेक झाला आणि 17 जूनला पाचाडातच त्यांनी देह ठेवला.

येथे कोणी विचारील, ‘फादर, मग चौथ्या आज्ञेचे काय? आईबापांना वाऱ्यावर सोडायचे काय?’ मुळीच नाही. म्हाताऱ्या मातापित्यांचा सांभाळ हे मुलांचे कर्तव्य आहे. ते देवाने सांगितले आहे आणि 2007 सालापासून देशाच्या कायद्यानेही सांगितले आहे. एकमेकांना धरून राहणारी आपली घरे हे आपले भाग्य आहे. आधार देणे वेगळे आणि कोणाचे आयुष्य गहाण ठेवून घेणे वेगळे. 1992 साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात चौथ्या आज्ञेचे विवेचन करतानाच सांगितले आहे, की व्यवसाय आणि जोडीदार निवडताना मातापित्यांनी मुलांवर दडपण आणू नये. आणि कुटुंबाचे बंध महत्त्वाचे असले तरी ते सर्वश्रेष्ठ नव्हेत. पोप फ्रान्सिस यांनीही 2016 सालच्या कुटुंबविषयक पत्रात मातापित्यांना बजावले, की मूल या घटकेला कोठे आहे याचा ध्यास घेऊन त्याला वाढविता येत नाही. त्याचे अंतःकरण कोठे आहे, हे पाहावे.

सुटका एका दिवसात होत नाही. आम्ही घरोघरी सांगतो त्या गोष्टी साध्या आहेत. मुलाच्या चुकीची किंमत त्याची त्यालाच चुकवू द्या. त्याच्यासाठी खोटा निरोप धाडू नका. ‘नाही’ म्हणताना चिडू नका आणि नंतर विरघळूही नका. मुलाखेरीज तुमचे असे काही असू द्या: शेजार, भजनमंडळ, शेत, एखाद्या आजाऱ्याची विचारपूस. व्यसन असेल तर एकट्याने झुंजू नका, जाणकारांकडे जा. त्यात कमीपणा नाही. आणि मुलांनो, तुम्ही खरे बोला, मायेने बोला, आणि बोलल्यानंतर आईबापांच्या डोळ्यांत पाणी आले तर पळू नका. त्यांच्याजवळ बसा.

त्या विधवा मातेने गेल्या सुगीत उधारी फेडण्याचे थांबविले. दुकानदाराला तिने स्वतः जाऊन तसे सांगितले. मुलाने भांडी आपटली, आठ दिवस घरी आला नाही. ती रोज रोझरी म्हणत दाराशी बसे, पण शोधायला गेली नाही. तो परतला, पुन्हा प्यायला, आणि महिन्याभराने स्वतःच व्यसनमुक्ती केंद्राची चौकशी करायला आला. तो आज पूर्ण सुटला आहे, असे आम्ही म्हणणार नाही. उरलेली तीन एकर मात्र सातबाऱ्यावर आहेत, आणि माउली रात्री झोपते. शिक्षकांच्या घरी अजून काही हललेले नाही. त्या लेकीसाठी वाचकांनी एक ‘प्रणाम मरिये’ म्हणावे.

आणि ज्यांना सोडणे म्हणजे प्रेम आटणे असे वाटते, त्यांनी हन्नेची गोष्ट वाचावी. नवसाने झालेला शमुवेल तिने परमेश्वराच्या मंदिरात दिला, पण दरवर्षी ती त्याच्यासाठी एक लहानसा अंगरखा शिवून नेत असे. वर्षभर न पाहिलेल्या मुलाच्या मापाचा अंगरखा शिवायचा, म्हणजे यंदा तो किती वाढला असेल, याचा अंदाज त्या माउलीला घ्यावा लागत असेल. मागच्या वर्षीच्या मापाचा अंगरखा तिने कधी नेला नसावा. प्रभू आपल्या सर्व घरांना अशी माया देवो.