बोटांची भाषा

खिळे जुळवून पुस्तके छापली जात, त्या काळी लेखक आणि वाचक यांच्यामध्ये आणखी एक माणूस बसलेला असे. त्याला मुद्रितशोधक म्हणत. छपाईचा कच्चा कागद समोर घेऊन तो ओळीमागून ओळ तपाशी आणि चूक दिसताच समासात एक बारीकशी खूण करी. एका खुणेचा अर्थ ‘हे अक्षर काढा’, दुसरीचा अर्थ ‘येथे शब्द घाला’, तिसरीचा अर्थ ‘या दोहोंची अदलाबदल करा’. या खुणा मजकुराचा भाग नसत. मजकुराचे काय करावे हे सांगणाऱ्या त्या आज्ञा असत. लिहिणे निराळे आणि लिहिलेले सुधारणे निराळे, हे त्या कामातील मुख्य तत्त्व होय.

संगणकावर मजकूर सुधारण्याचे ‘व्ही-आय’ नावाचे एक साधन आहे. ते याच तत्त्वावर उभे आहे. इतर साधनांत कळ दाबली की अक्षर उमटते. येथे मात्र आरंभी कळफलकावरील अक्षरे ही अक्षरे नसतातच. त्या असतात आज्ञा. ‘एक्स’ दाबावा तर समोरचे अक्षर नाहीसे होते. ‘यू’ दाबावा तर केलेला बदल मागे घेतला जातो. ‘आय’ दाबल्यावरच लिहिण्याची मुभा मिळते, आणि लिहून झाले की ‘एस्केप’ची कळ दाबून पुन्हा आज्ञेच्या अवस्थेत यावे लागते. नवखा मनुष्य येथे हमखास गोंधळतो. आत शिरल्यावर बाहेर कसे पडावे, हेही त्याला उमगत नाही.

मग इतका खटाटोप कशासाठी? याचे उत्तर त्या आज्ञांच्या रचनेत आहे. ‘डी’ म्हणजे ‘काढ’ आणि ‘डब्ल्यू’ म्हणजे ‘शब्द’. दोन्ही कळा एकापाठोपाठ दाबल्या की ‘शब्द काढ’ असे वाक्य पुरे होते. आरंभी ३ हा अंक दाबला तर तीन शब्द जातात. ‘सी’ म्हणजे ‘बदल’; तो ‘डब्ल्यू’ला जोडला की ‘शब्द बदल’. जणू क्रियापद आणि कर्म! एक नवे क्रियापद शिकावे आणि ते ठाऊक असलेल्या सर्व कर्मांना जोडून पाहावे. लहान मूल भाषा शिकते ते याहून वेगळे कोठे असते? शिवाय नुकताच केलेला बदल दुसऱ्या ठिकाणी पुन्हा करावयाचा असल्यास केवळ पूर्णविरामाची कळ पुरते.

एखाद्या लांबलचक यादीत एकच नाव चाळीस ठिकाणी चुकले असेल, तर ते चाळीस वेळा खोडण्याचे कारण नाही. एका ओळीच्या आज्ञेने सारी नावे सुधारतात. परंतु यंत्र आज्ञाधारक असते, समंजस नसते. ‘मान’ या शब्दाच्या जागी सर्वत्र ‘आदर’ घाल, असे त्यास बेफिकिरीने सांगितले, तर आकाशातील ‘विमाना’चे ‘विआदर’ होते आणि घरातील ‘सामाना’चे ‘साआदर’! म्हणूनच प्रत्येक ठिकाणी थांबून अनुमती विचारण्याची सोय त्यात ठेवलेली आहे. ज्याच्या हाती वेग आहे, त्याने सावधपणही राखलेच पाहिजे.

हे साधन विपुलतेतून जन्मले नाही. १९७६ साली अमेरिकेतील बर्कले येथील विद्यापीठात बिल जॉय या तरुण विद्यार्थ्याने ते रचले. त्या वेळी दूरच्या संगणकाशी दूरध्वनीच्या तारेवरून बोलावे लागे आणि त्या तारेतून सेकंदाला जेमतेम ३० अक्षरे येत. २४ ओळींचा, प्रत्येक ओळीत ८० अक्षरांचा पडदा भरण्यास मिनिटाहून अधिक वेळ लागे. अशा स्थितीत थोडक्या कळांत पुष्कळ सांगता यावे, ही चैन नव्हती, निकड होती. जॉय ज्या यंत्रावर काम करी, त्यावर बाणांच्या वेगळ्या कळाही नव्हत्या. ‘एच’, ‘जे’, ‘के’ आणि ‘एल’ या चार अक्षरांवरच बाण छापलेले होते. तेव्हापासून हीच चार अक्षरे डावीकडे, खाली, वर आणि उजवीकडे नेण्याचे काम करीत आहेत. तारा वेगवान झाल्या, यंत्रे बदलली. पण काटकसरीतून जडलेली ती सवय टिकून राहिली.

पुढे नेदरलँड्समधील ब्राम मोलेनार याने आपल्या ‘अमिगा’ नावाच्या संगणकासाठी याच धर्तीचे साधन तयार केले आणि १९९१ साली ‘व्हिम’ या नावाने ते सर्वांस खुले केले. १९९४ साली तो आफ्रिकेतील युगांडा देशात, किबाले या गावी स्वयंसेवक म्हणून वर्षभर राहिला. पाणी आणि स्वच्छता यांची व्यवस्था पाहणे हे त्याचे तेथील काम होते. एड्सच्या रोगाने आईबाप गमावलेली मुले त्याने तेथे पाहिली. आपल्या साधनाचे मोल त्याने कधीच मागितले नाही. ज्यास ते उपयोगी वाटेल, त्याने इच्छा असल्यास त्या मुलांसाठी काही द्यावे, एवढीच विनंती त्याने त्यासोबत जोडली. ३ ऑगस्ट २०२३ रोजी त्याचा मृत्यू झाला. तथापि त्याचे काम थांबले नाही. इतरांनी ते हाती घेतले आणि २०२४ च्या जानेवारीत निघालेली आवृत्ती त्याच्या स्मृतीस अर्पण केली.

पेटी शिकणाऱ्याची बोटे आरंभी पट्ट्या शोधीत फिरतात. काही महिन्यांनी नजर पट्ट्यांवर नसतानाही सूर नेमका लागतो. या साधनाचेही तसेच आहे. पहिले काही दिवस काम मंदावते आणि जुनी सोपी वाट पुन्हा पुन्हा खुणावते. जो तेवढे दिवस धीर धरतो, त्याची बोटे एके दिवशी न विचारता चालू लागतात. आणि कळा शोधण्यात गुंतलेले त्याचे मन, कोणता शब्द ठेवावा व कोणता काढावा, या खऱ्या कामासाठी मोकळे होते.