मुंबईचे बिऱ्हाड सांगलीस

मुंबईकर माणूस मुंबईला जितकी नावे ठेवतो तितकी दुसरे कोणी ठेवत नसेल, आणि मुंबई सोडायची म्हटले की जितक्या सबबी त्याला सुचतात तितक्याही दुसऱ्या कोणाला सुचणार नाहीत. ‘एखाद्या लहानशा निवांत गावी जाऊन राहावे,’ हे वाक्य लोकलच्या डब्यात रोज निदान एकदा तरी कानावर पडते. बोलणारा गृहस्थ मात्र कर्जतच्या पुढे सहसा जात नाही. आम्ही गेलो. 2017 च्या जून महिन्यात डोंबिवलीचे बिऱ्हाड उचलून आम्ही सांगलीस आलो. मला तेथल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवण्याची जागा मिळाली होती, सौभाग्यवतींच्या बँकेने बदली मान्य केली होती, आणि मुलगी नुकतीच पाचवीत जाणार होती. घरात नाराज असे एकटे माझे वडीलच. अण्णांचा जन्म गिरगावातल्या चाळीतला. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, “सांगलीत समुद्र आहे का?”

समुद्र नाही; कृष्णा आहे. तेवढ्यावर त्यांची समजूत घालून आम्ही रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये बसलो.

निघण्यापूर्वी मी एक हिशेब मांडला होता. डोंबिवली ते दादर जाणे-येणे, स्टेशनवरची पायपीट आणि गाडीची वाट पाहणे मिळून दिवसाचे तीन तास जात. कामाचे दिवस वर्षाला दोनशेवीस धरले तर सहाशेसाठ तास झाले; म्हणजे वर्षाचे सत्तावीस दिवस आणि तेवढ्याच रात्री मी दुसऱ्याच्या खांद्याला खांदा लावून उभा होतो. सांगलीत घरापासून महाविद्यालय स्कूटरने पंधरा मिनिटांवर. उरलेल्या वेळात काय काय वाचायचे, काय लिहायचे, याची मी यादीही केली होती.

ती यादी अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. सांगलीत वेळ वाचत नाही, हे मला पहिल्या महिन्याभरातच कळले. तो तेथे आधीच कोणीतरी मागून ठेवलेला असतो. किराणा आणायला जावे तर दुकानदार म्हणतो, “बसा की सर.” पोस्टात जावे तर ओळखीचे कोणी भेटते आणि मुलीच्या शाळेपासून गावाकडच्या शेतापर्यंत चौकशी होते. आमच्या घरमालकीणबाई, ज्यांना सगळी गल्ली आक्का म्हणते, जिन्याखाली बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला दोन शब्द बोलायला लावल्याखेरीज सोडत नाहीत. मुंबईत माणूस उभ्याउभ्या बोलतो. सांगलीत बसल्याखेरीज बोलणे सुरूच होत नाही. मला आधी याचा त्रास झाला. हा संथपणा म्हणजे दुसऱ्याच्या वेळेची पर्वा नसणे, असे माझे मत होऊ लागले होते.

ते मत बदलले हळदीच्या बाजारात. सांगली हे हळदीचे मोठे पेठेचे गाव. येथल्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकनही मिळाले. मार्केट यार्डात सौदे चालू असताना हवाच पिवळी झालेली असते आणि घरी परतल्यावर रुमालसुद्धा हळदुवा निघतो. पण मला खरी ओढ लागली ती हरिपूरच्या पेवांची. गावापासून जवळच, कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर आहे. नाटककार गोविंद बल्लाळ देवलांचे हे जन्मगाव. तेथल्या जमिनीत खोल खड्डे खणून त्यांत हळद साठवीत आणि तोंड लिंपून टाकीत. यालाच पेव म्हणतात. पेवात हळद वर्षानुवर्षे टिके. भाव नसेल तर व्यापारी थांबे. यंदा नाही तर पुढल्या वर्षी. पुढे 2005 च्या पुराचे पाणी कित्येक पेवांत शिरले, शीतगृहे आली, आणि पेवांचे ते राज्य राहिले नाही. पण पिढ्यान्‌पिढ्या ज्या गावाने थांबून पैसा केला, त्या गावाच्या अंगी थांबणे मुरणारच. मुंबईच्या धक्क्यावर उतरलेली मासळी दुपारपर्यंत विकावी लागते; हळदीला तशी घाई नाही. माणसांचे स्वभाव आपण उगाच माणसांत शोधतो. पुष्कळदा ते त्यांच्या मालात सापडतात.

शेजारच्या मिरजेत हाच धडा दुसऱ्यांदा मिळाला. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांचे अखेरपर्यंतचे बिऱ्हाड मिरजेस होते. 1937 साली ते वारले, तरी मिरासाहेबांच्या दर्ग्यातल्या उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गवई अजून गाऊन जातात. येथल्या सतारी-तंबोऱ्यांनाही 2024 साली मानांकन मिळाले. तंबोऱ्याचा भोपळा पंढरपुराकडून येतो. तो नीट वाळावा लागतो, आणि त्याला कोणी घाई करू शकत नाही. एका कारागिराच्या दुकानात मी विचारले, “तंबोरा किती दिवसांत मिळेल?” त्याने माझ्याकडे पाहिले आणि विचारले, “कुठले तुम्ही? मुंबईचे काय?”

सांगली हे नाव सहा गल्ल्यांवरून पडले, असे येथे सांगतात. चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी या गावाला राजधानी केले आणि कृष्णेच्या काठी गणपतीचे देऊळ बांधले. त्यांच्याच आश्रयाने 1843 साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ रंगभूमीवर आणले. दरवर्षी 5 नोव्हेंबरला, रंगभूमिदिनी, भाव्यांच्या नावाचे गौरवपदक येथे दिले जाते, आणि ते घ्यायला मुंबईचे नामवंत नट सांगलीस येतात. अण्णांना ही गोष्ट फार आवडली. मुंबईचे कोणीतरी सांगलीकडे येते, एवढेच त्यांना पुरे होते.

कारण अण्णांचे सांगलीत मन लागत नव्हते. मुंबईचे वर्तमानपत्र कोठे मिळते याचा शोध त्यांनी पहिल्याच दिवशी लावला होता. संध्याकाळी पाच वाजता ते कपडे करून तयार होत आणि दारात उभे राहून विचारीत, “जायचे कुठे?” गिरगावात हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता, चौपाटी होतीच. आक्का वरून सांगत, “घाटावर जाऊन बसा की अण्णा.” ते जात आणि अर्ध्या तासात परत येत. “नदी बघितली,” म्हणत, “आता उद्या पुन्हा तीच बघायची?”

पण पावसाळा आला आणि नदी रोज तीच नसते हे त्यांना दिसले. 1929 साली बांधलेल्या आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी फुटांत मोजतात. चाळीस फूट ही इशाऱ्याची पातळी. पंचेचाळीस ही धोक्याची. पावसाळ्यात हे आकडे मुंबईच्या गाड्यांच्या वेळांसारखे प्रत्येकाच्या तोंडी असतात. “सकाळी एकोणतीस होते, कोयनेतून सोडलेय म्हणे,” असे दूधवाला सांगतो. गंमत अशी की सांगलीत स्वतःचा असा पाऊस फारसा नाहीच. हा कमी पावसाचा मुलूख. पाऊस पडतो महाबळेश्वरला आणि कोयनेच्या खोऱ्यात, पूर येतो सांगलीला. कधी कधी तर डोक्यावर स्वच्छ ऊन असते आणि पायाखाली नदी चढत असते. अण्णांनी एक वही केली आणि पावसाळाभर रोजचे फूट त्यात लिहू लागले. त्यांना येथे काम मिळाले.

त्या वहीने आमचा 2019 चा ऑगस्ट सावरला. महिन्याच्या सुरुवातीला पाणी चाळीसच्या पुढे गेले तेव्हा गावभागात, म्हणजे आमच्या भागात, फारशी गडबड नव्हती. प्रत्येकाजवळ 2005 चा हिशेब होता. त्या वर्षी पाणी कोणाच्या पायरीला लागले, कोणाच्या उंबऱ्याशी थांबले, हे सगळ्यांना पाठ होते. आक्का म्हणाल्या, “त्या वेळी ओट्यापर्यंत आले होते. त्याच्यावर काही येत नाही.” हा हटवादीपणा नव्हता, संथ गावात माणूस जुन्या खुणेवर विश्वास ठेवून जगतो, आणि बहुतेक वर्षी त्या खुणा खऱ्याच असतात.

अण्णांचा 2005 वेगळा होता. 26 जुलैला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला, त्या दिवशी ते कुर्ल्याला अडकले होते आणि कमरेइतक्या पाण्यातून चालत दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचले होते. पाण्याशी वाद घालायचा नसतो, हा धडा त्यांनी तेव्हाच घेतला होता. वहीतले चार दिवसांचे आकडे त्यांनी आक्कांपुढे ठेवले आणि म्हणाले, “हे पाहा, हे थांबायच्या बेतात नाही. तुम्ही येत नसाल तर मीही जात नाही.” परक्या म्हाताऱ्याला आपल्यापायी बुडवण्याची जबाबदारी आक्कांना पेलण्यासारखी नव्हती. त्या उठल्या. तळमजल्यावरचे धान्य, अंथरुणे, देव आणि पितळेची भांडी आम्ही सगळ्यांनी मिळून आमच्या मजल्यावर चढवली आणि विश्रामबागेत, उंचावर, माझ्या एका सहकाऱ्याच्या घरी गेलो. तेथे आम्ही अकरा दिवस राहिलो.

पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेले. परतलो तेव्हा आक्कांच्या घरात छातीइतक्या उंचीवर चिखलाची रेघ ओढलेली होती. आमच्या गल्लीत जीवितहानी झाली नाही. पण ब्रह्मनाळ गावी लोकांना सुरक्षित जागी नेणारी बोट उलटली आणि माणसे गेली. त्या बातमीच्या दिवशी विश्रामबागेतल्या त्या घरात कोणी जेवले नाही. नंतरचे दोन महिने गावात एकच वास होता, गाळाचा. माझे विद्यार्थी घराघरांतून चिखल काढीत होते. एरवी हातातल्या वेळाचे काय करावे हे न कळणारे हे गाव, त्या दिवसांत एकमेकांच्या दारात उभे होते, आणि कोणी कोणाला “कोण तुम्ही?” असे विचारीत नव्हते, कारण सगळ्यांना सगळे माहीत होते. बसून मारलेल्या त्या गप्पा वाया गेलेल्या नव्हत्या, हे मला तेव्हा उमगले. कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, कोणाला इन्सुलिन लागते, कोणाचा मुलगा दूर असतो, ही माहिती कोणत्याही कचेरीत नव्हती; ती ओट्याओट्यांवर साठवलेली होती, पेवातल्या हळदीसारखी.

2021 च्या जुलैत पुन्हा पूर आला. त्या वेळी सगळ्यांत आधी पिशवी भरून दाराशी बसल्या होत्या त्या आक्का. “अण्णा, वहीत किती झाले?” एवढेच त्यांनी विचारले. गावाकडे जुनी खूण असावी आणि एखाद्या परक्याकडे थोडी घाईही असावी. दोन्ही असली तर गाव तरते, असे मला वाटते.

मात्र वाचकांनी सांगलीचे हे चित्र गोड करून घेऊ नये. दर रविवारी रात्री सांगलीच्या रस्त्यांवर पुण्या-मुंबईच्या बसगाड्या रांगेने उभ्या असतात. पाठीवर पिशव्या घेतलेली मुले खिडकीशी बसलेली, आणि खाली आईबाप लाडवांचा डबा पुन्हा पुन्हा दाखवीत असतात. येथे शिक्षण पुष्कळ आहे, काम थोडे. दुपारी गल्लीतून चालत गेले तर बंद खिडक्या आणि उघड्या ओट्यांवर बसलेले आजी-आजोबा दिसतात. प्रत्येकाची दोन मुले, एक पुण्यात, एक परदेशी. मुंबईहून सांगलीस येणारे आम्ही उलट्या दिशेचे प्रवासी. आमची मुलगीही आता पुण्याला शिकते. तिला बसमध्ये बसवून परत येताना मला माझा तो सत्तावीस दिवसांचा हिशेब आठवला. आम्ही जे वाचवले, ते तिने कोणत्या तरी रस्त्यावर, कोणत्या तरी सिग्नलला खर्च करायला सुरुवात केली आहे. लहान गावाचा निवांतपणा मोठ्या गावांतल्या आपल्याच मुलांच्या धावपळीवर थोडाफार उभा असतो. तो फुकटात मिळत नाही.

डोंबिवलीची जागा विकावी की ठेवावी, हा प्रश्न आमच्या घरात सात वर्षे पडून होता. गेल्या वर्षी मी तो अण्णांपुढे ठेवला. समुद्र पाहायला पुन्हा जायचे असेल तर जागा हवी, असे मीच सुचवले. ते म्हणाले, “मुलीला पुढे मुंबईत नोकरी लागली तर तिला राहायला हवी. माझ्यासाठी ठेवू नकोस.” जागा ठेवली आहे.

आमचे मुंबईचे स्नेही हल्ली विचारतात, “आम्हीही यावे का रे सांगलीस?” त्यांना मी एवढेच सांगतो की पाहायला येताना थंडीत येऊ नका. थंडीत सांगली कोणालाही आवडते. द्राक्षे गोड असतात, नदी घाटाखाली शहाण्यासारखी वाहत असते, आणि भडंगाची पुडी हातात घेऊन फिरणाऱ्याला सगळे जग निवांत दिसते. यायचे तर भर पावसाळ्यात या. पाणी पस्तीस फुटांवर असताना एखाद्या ओट्यावर तासभर बसा. जो भेटेल तो तुमचे नाव, गाव, आईवडिलांची प्रकृती आणि येण्याचे कारण विचारील. त्या प्रश्नांचा कंटाळा आला तर रात्रीची गाडी आहेच. कंटाळा आला नाही, तर आमच्या गल्लीत एक जागा रिकामी आहे, वरच्या मजल्यावरची.