पर्वतीच्या पायऱ्या आणि एक नारळ

मुलांनो, पुण्यात राहून पर्वती चढला नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही, असं म्हणतात. मी तुम्हाला अशी एक बाई दाखवू शकते. बारा वर्षं ती पुण्यात राहिली. दर वर्षी वर्गात पर्वतीची माहिती सांगितली, फळ्यावर टेकडीचं चित्र काढलं, आणि स्वतः मात्र स्वारगेटकडे जाणाऱ्या बसमधूनच पर्वतीला हात जोडले. ती बाई म्हणजे मीच!

वेळ मिळत नाही, असं मी सगळ्यांना सांगायची. खरं कारण वेगळं होतं. पर्वतीच्या पायऱ्या सरळ समोरासमोर चढत जातात. वरून उतरणारा प्रत्येक माणूस चढणाऱ्याचं तोंड बघतो. माझा चेहरा लाल झालेला, धाप लागलेली, ओढणी सावरता सावरता नाकी नऊ आलेले, आणि त्यात वरून येणारे एखाद्या विद्यार्थ्याचे वडील! “अरेच्चा, बाई तुम्ही?” छे छे. नकोच ते.

डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून मी बूटही आणले होते. चांगले पांढरे, निळ्या पट्ट्यांचे. ते खोक्यासकट माळ्यावर गेले, आणि वर्षभर तिथेच राहिले.

ते खाली कसे आले, त्याची गोष्ट सांगते.

माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगी होती. तिचं खरं नाव सांगत नाही, आपण तिला चिमणी म्हणू. अंगाने जरा जाड, हुशार, अक्षर मोत्यासारखं. खेळाचा तास आला की तिचं पोट दुखायचं. दर मंगळवारी आणि शुक्रवारी, न चुकता. एकदा मी तिला म्हटलं, “अगं, पळ की थोडी. कोण बघतंय तुझ्याकडे?”

ती म्हणाली, “सगळे बघतात बाई.” मग थोडं थांबून, खाली मान घालून विचारलं, “तुम्ही पळता का?”

ती उर्मटपणे बोलली नव्हती. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. मी काहीतरी थातुरमातुर उत्तर दिलं. पण त्या दिवशी घरी गेल्यावर स्टूल घेतलं आणि माळ्यावरचं खोकं काढलं.

रविवारी पहाटे साडेपाचला निघाले. म्हटलं, अंधार असेल, कोणी नसेल. तरीही एक युक्ती केली. हातात पिशवी घेतली आणि पिशवीत एक नारळ टाकला. कोणी भेटलंच तर सांगायचं, व्यायामाला कुठली, दर्शनाला चाललेय!

पायथ्याशी पोचते तो काय, तिथे जत्रा! स्वेटर घातलेले आजोबा, कानाला मफलर गुंडाळलेल्या आजी, खांद्यावर टॉवेल टाकलेली मुलं. एक जण धावत वर जात होता आणि धावतच खाली येत होता, आणि प्रत्येक फेरीला मोठ्याने आकडा म्हणत होता. मी पोचले तेव्हा त्याचा “सात!” चालू होता.

पर्वतीच्या पायऱ्या आहेत १०३. जिन्यासारख्या अरुंद नाहीत. लांबरुंद, दगडी आणि जरा उताराच्या. एका पावलात पायरी संपत नाही आणि दोन पावलं टाकली तर दुसरं अर्धवट पडतं, त्यामुळे नव्या माणसाची लय लागत नाही. माझी तीसाव्या पायरीपर्यंत लागली नाही. चाळीसला धाप लागली. पन्नासच्या सुमाराला समोरून एक ओळखीचा चेहरा आल्यासारखा वाटला, मी घाईने ओढणी सावरायला गेले, पिशवी हातातून सुटली आणि नारळ निघाला टणाटण खाली!

आता मला सांगा, दगडी पायऱ्यांवरून नारळ गेला तर आवाज केवढा होईल? ज्यांनी आपल्याकडे बघू नये म्हणून मी एवढा खटाटोप केला, ते सगळेच्या सगळे वळून बघायला लागले. खालून एक आजोबा चढत होते. त्यांनी काठी आडवी धरून नारळ अडवला, वाकून उचलला आणि माझ्या हातात दिला. म्हणाले, “ताई, याचा व्यायाम झाला. आता तुमचा होऊ द्या.”

मला हसू फुटलं. आजोबाही हसले आणि पुढे निघून गेले. आणि गंमत म्हणजे बाकीचे लोक तोवर आपापल्या वाटेला लागलेही होते. आठ म्हणणारा आठ म्हणत होता.

वर पोचले तेव्हा नुकतं उजाडत होतं. इथे जरा थांबू या, कारण वर बघण्यासारखं पुष्कळ आहे. नानासाहेब पेशव्यांनी हे देवदेवेश्वराचं देऊळ १७४९ मध्ये बांधून घेतलं. त्यांच्या आई काशीबाई यांच्या पायाला दुखणं होतं, पर्वतीच्या देवीला नवस केला आणि ते बरं झालं, म्हणून हे देऊळ, असं सांगतात. मला ही गोष्ट फार आवडली. पाय दुखतात म्हणून सुरू झालेली जागा, आणि आता लोक पाय दुखवून घ्यायला येतात! पानिपतानंतर त्याच वर्षी, १७६१ मध्ये, नानासाहेब वारले तेही इथेच. आणि ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली, तेव्हा दुसरा बाजीराव पर्वतीवरून ती बघत होता. कठड्याशी उभं राहिलं की खाली सारसबाग दिसते, सारं शहर दिसतं आणि नैर्ऋत्येला सिंहगड. हवा स्वच्छ असेल तरच हं, नाहीतर नुसतं धुकं आणि धूर.

आणखी एक गोष्ट वर्गात सांगायची राहून जाते. हे देऊळ पूर्वी सगळ्यांना खुलं नव्हतं. १९२९ साली शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज, एस. एम. जोशी वगैरे मंडळींनी इथे दलितांच्या प्रवेशासाठी सत्याग्रह केला. त्यांच्यावर दगडही पडले. त्या दिवशी या पायऱ्या चढणाऱ्यांकडे खरोखरच सगळे बघत होते, आणि ते बघणं मायेचं नव्हतं. मी नारळाच्या आड लपत आले होते, त्याचं मला तिथे उभ्या उभ्या जरा हसूच आलं.

उतरताना पाय लटलट कापत होते. दुसऱ्या दिवशी तर शाळेचा जिना उतरता येईना. चढण्यापेक्षा उतरणं सोपं, असं आपल्याला वाटतं. पण उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतो आणि त्याच वेळी सगळ्या अंगाचा भार तोलून धरत असतो. त्या कामाची सवय नसली की एकदोन दिवस चांगलं ठणकतं. चेहरा लाल होतो त्यातही लाजण्यासारखं काही नाही बरं का. अंग तापलं की रक्त कातडीजवळच्या बारीक नळ्यांतून जास्त वाहतं आणि उष्णता बाहेर टाकतं. हे सगळं मी शास्त्राच्या पुस्तकातून शिकवते, पण स्वतःच्या गालांना ते ठाऊक नव्हतं.

मग मी दर रविवारी जायला लागले. लाज एकदम गेली असं मात्र नाही. एकदा दोन मुलगे मोबाईलवर व्हिडिओ काढत होते. मी तोंड फिरवून भिंतीकडे बघत उभी राहिले. मग न राहवून जवळ गेले आणि शाळेतल्या आवाजात विचारलं, “काय रे, काय काढताय?” बिचारे घाबरले. व्हिडिओ दाखवला. मित्र पायऱ्यांवर जोर काढतोय, त्याचा होता. त्यात माझा फक्त एक कोपर होता. अर्ध्या सेकंदापुरता.

पुढे माझ्या वाचनात एक प्रयोग आला. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो केला आणि २००० साली प्रसिद्ध केला. एका विद्यार्थ्याला, घालायची लाज वाटेल असा, बॅरी मॅनिलो नावाच्या गायकाचं चित्र असलेला शर्ट घालायला द्यायचा आणि बाकीचे बसलेत त्या खोलीत पाठवायचं. मग त्याला विचारायचं, किती जणांनी तुझ्या शर्टावरचा गायक ओळखला असेल? असे शर्ट घातलेल्यांना वाटायचं, निम्म्या तरी लोकांनी. प्रत्यक्षात निघाले साधारण पाव!

मला राहवेना. मी एक दिवस वर्गात दोन कानांत दोन वेगळी कानातली घालून गेले. एकात मोती, एकात लाल खडा. सगळे तास तशीच शिकवले. शेवटी विचारलं, “आज माझ्यात काय वेगळं आहे?” अडतीस मुलांपैकी तिघांनी ओळखलं. त्यातली एक चिमणी.

“मग सांगितलं का नाहीस गं?”

“तुम्हाला वाईट वाटलं असतं,” ती म्हणाली.

जिला सतत वाटतं की लोक आपल्याकडे बघतात, ती दुसऱ्याकडेही किती नीट बघत असते! हे त्या प्रयोगात नव्हतं.

डिसेंबरात आम्ही पर्वतीवर क्षेत्रभेट नेली. आता माझी चूक सांगते. पायथ्याशी मुलांना गोळा करून मी माहिती द्यायला लागले. “मुलांनो, या पायऱ्या एवढ्या रुंद का? तर हत्तीला चढता यावं म्हणून, असं सांगतात.” झालं. मागच्या रांगेत कोणीतरी चिमणीकडे बघून खुदकन हसलं, दुसऱ्याने त्याला कोपर मारलं आणि बघता बघता रांगभर हसू पसरलं. एवढी वर्षं शिकवते, पण ते वाक्य तिच्यासमोर कसं ऐकू जाईल हे मला सुचलं नाही. मी ओरडले असते तर कशाला हसले ते उरलेल्यांनाही कळलं असतं. मी नुसतं म्हटलं, “चला.”

चिमणी पंचवीस पायऱ्या चढली आणि कडेला बसली. पोट दुखतंय म्हणाली.

मुलं दुसऱ्या शिक्षकांबरोबर वर गेली. मी तिच्याशेजारी बसले. “चूक माझी झाली,” म्हटलं. ती काही बोलली नाही. मी मग तिला ती जागा दाखवली, जिथून माझा नारळ सुटला होता. सगळी गोष्ट सांगितली, आवाजासकट. आजोबांच्या काठीपर्यंत आले तेव्हा ती हसायला लागली. लोक किती होते, सगळे हसले का, हे तिने दोनदा विचारलं.

शेजारून वस्तीतली एक मुलगी, तिच्याएवढीच, कडेवर भाऊ घेऊन झपझप वर गेली. तिच्यासाठी हा व्यायाम नव्हता, घरचं काम होतं. चिमणी तिच्याकडे बघत राहिली. मग स्वतःच उठली.

आम्ही सावकाश चढलो. बोलता येईल इतक्याच वेगाने, कारण धाप एवढी लागू द्यायची नाही की बोलणंच बंद पडेल, असं आमचं ठरलं. तिचा चेहरा लाल झाला, माझाही झाला. वर पोचलो तेव्हा मुलांचं भांडण चाललं होतं. कोणी १०१ म्हणे, कोणी १०५. आमच्याकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही.

आईवडिलांनो, एक विनंती. घरात पाहुण्यांसमोर “हिला जरा पळायला सांगा हो” असं म्हणू नका. चिमणीच्या घरी म्हणत असत. तिनेच मला सांगितलं, उतरताना.

खेळाच्या तासाला तिचं पोट त्यानंतरही अधूनमधून दुखायचं. खोटं कशाला सांगू? पण त्या दिवशी बसमध्ये ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, “बाई, मी मधे बसले ना, त्यामुळे माझ्या पायऱ्या मोजायच्या चुकल्या. रविवारी आईला घेऊन येऊ?”

“ये की. साडेसहाला पायथ्याशी.”

ती जागेवर जायला वळली, आणि पुन्हा मागे आली. “पण बाई,” ती म्हणाली, “नारळ आणायचा नाही हं.”