काहील उतरण्याची वेळ

धाराशिव जिल्ह्याच्या वाशी तालुक्यातील तेरखेडा हे गाव फटाक्यांसाठी दूरवर प्रसिद्ध आहे. परंतु दिवाळी सरली आणि शेतांत थंडी उतरू लागली, म्हणजे या मुलखात दुसराच एक विस्तव पेटतो. त्याचा आवाज होत नाही. वास मात्र शिवारभर दरवळतो. तो गुऱ्हाळाच्या चुलवणाचा विस्तव होय.

चरकातून निघालेला उसाचा रस काहिलीत पडतो, तेव्हा तो मातकट व हिरवट दिसतो. रस काढून उरलेली चिपाडे उन्हात वाळवून चुलवणात सारतात. उसाचा रस उसाच्याच जाळावर आटावा, अशी ही काटकसर आहे. रस तापू लागला की त्यात भेंडीच्या झाडाचा बुळबुळीत चीक घालतात. त्या चिकात रसातील गाळ गुंतून मळीच्या रूपाने वर येतो, आणि ती मळी झाऱ्याने काढून टाकतात. थोडी चुन्याची निवळीही घालावी लागते. रसात आंबटपणा राहिला, तर त्यातील साखरेची फोड होते आणि गूळ बसत नाही. काही ठिकाणी गुळास पिवळा रंग यावा म्हणून रासायनिक पूड टाकतात. गिऱ्हाइकास पिवळी ढेप आवडते खरी, पण तांबूस-काळसर गुळाची चव त्या ढेपेस कोठून येणार!

येथवरचे काम कष्टाचे असते. यापुढचे काम अवघड असते. आता काहिलीपाशी गुळव्या उभा राहतो. फेसाचे मोठे बुडबुडे लहान होतात, रंग गडद होत जातो, उकळीचा खळखळाट जाऊन जड असा बदबद आवाज येऊ लागतो. उष्णता 105 अंश सेल्सिअसच्या आसपास पोचते, तेव्हा काहिलीत काकवी असते. 118 अंशांच्या सुमारास तिचा गूळ होतो. गुळव्याजवळ बहुधा उष्णतामापक नसतो. तो काठीच्या टोकावर थोडा पाक घेऊन थंड पाण्यात बुडवतो, बोटांनी त्याची गोळी वळतो आणि काहिलीच्या काठावर आपटतो. गोळी ‘टण्ण’ वाजली की तो हात वर करतो, आणि माणसे धावतात.

हा क्षण चुकता कामा नये. काहील लवकर उतरली तर गूळ चिकट राहून पाझरतो. उशीर झाला तर करपट होतो. शंभर किलो उसापासून 10 ते 12 किलो गूळ मिळतो, आणि तो ऊस शेतकऱ्याने वर्षभर पाणी देऊन वाढवलेला असतो. ते सारे वर्ष त्या घटकेला गुळव्याच्या कानावर विसंबलेले असते. त्या वेळी त्याच्याशी कोणी बोलत नाही. उकळता पाक वाफ्यात ओतून घोटला, आणि कापड अंथरलेल्या बादल्यांत भरला, म्हणजे मग हसण्या-बोलण्यास सुरुवात होते.

रस आटवून गोड पदार्थ करण्याची ही विद्या केवळ आपल्याकडेच आहे असे नाही. कॅनडात मेपल नावाचा वृक्ष असतो. थंडी संपत आली की त्याच्या खोडास लहानसे भोक पाडून रस धरतात. तो पाण्यासारखा पातळ असतो. सुमारे 40 लिटर रस आटवावा, तेव्हा 1 लिटर पाक हाती येतो. त्या मानाने आपला ऊस फारच उदार म्हणावयाचा! तेथेही पाक 104 अंशांच्या आसपास उतरवतात. तो आणखी आटवून बर्फावर ओतला, म्हणजे चिवट होतो आणि मुले तो काडीला गुंडाळून खातात. गुऱ्हाळावर आलेली आपल्याकडील मुले उसाच्या कांडीवर गरम गूळ घेऊन तो फुंकत फुंकत चाखतात. बर्फ नाही, एवढाच काय तो फरक.

काकवी भाकरीशी खावी. तिच्यावर तूप पडले तर मग दुसरे कालवण नको. वेळा अमावस्येला, म्हणजे इकडच्या बोलीत येळवसेला, शेतात गव्हाची खीर होते. तिच्यात गूळ घालावयाचा तो गहू पूर्ण शिजल्यावरच. आधी घातला तर गहू कडकच राहतात. पुरणपोळीबरोबर गुळवणी येते. खारवट जमिनीतल्या उसाचा गूळ असला तर मात्र या साऱ्या पदार्थांत ते मीठ जाणवते, आणि सुगरणीचा काही दोष नसताना तिला बोल लागतो.

पाऊस दगा देतो त्या वर्षी या भागात ऊसच उभा राहत नाही आणि चुलवणे थंड राहतात. ऊस पिकला तरी त्यातला बराचसा ढोकीच्या तेरणा कारखान्यासारख्या साखर कारखान्यांकडे जाऊ लागला. पुढे यंत्रांवर गुळाची पूड करणारे कारखानेही निघाले. तेथे उष्णता यंत्र मोजते. जुन्या गुऱ्हाळावर मात्र गुळव्याच्या पाठीशी एखादा पोरगा उभा असतो. त्याला कोणी काही समजावून सांगत नाही. तो बुडबुडे पाहतो, आणि कधीतरी गुळव्या गोळी त्याच्या हाती देतो.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी हीच परीक्षा घराघरांतील चुलीपाशी चालते. कढईत गूळ विरघळलेला असतो, शेजारी वाटीत पाणी असते. आजी पाकाचा थेंब पाण्यात टाकते, त्याची गोळी करून वाटीच्या काठावर वाजवते आणि मान हलवते. अजून थोडा वेळ आहे. तीळ केव्हाच भाजून झालेले असतात.